भिंत पोचते, अर्थ वाटेत राहतो

सुरत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी साड्या येतात आणि पाठोपाठ हिरे. बेळगाव-निपाणीच्या बाजारात लग्नाचा बस्ता बांधताना 'ही सुरतेची' हे शब्द कानावर पडले नाहीत, असे सहसा होत नाही. त्याच सुरतेजवळ खजोद येथे हिऱ्यांच्या व्यापारासाठी उभारलेली 'सुरत डायमंड बोर्स' ही इमारत १७ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते खुली झाली. पंधरा मजल्यांचे नऊ मनोरे, त्यांना जोडणारा लांबच लांब मधला भाग, सुमारे ६७ लाख चौरस फुटांचे बांधकाम, साडेचार हजारांहून अधिक कार्यालये आणि १३१ लिफ्ट असा तिचा पसारा आहे. दिल्लीच्या मॉर्फोजेनेसिस या संस्थेने तिची रचना केली, तर अहमदाबादच्या पीएसपी प्रोजेक्ट्सने ती बांधली. अमेरिकेच्या पेंटागॉनपेक्षाही मोठी, म्हणून त्या वेळी वर्तमानपत्रांत बरेच छापून आले.

अशा इमारतीमागच्या एका कामाची मात्र कधी बातमी होत नाही. आर्किटेक्ट, आरसीसीचा हिशेब करणारा इंजिनिअर, वातानुकूलनवाले, वीजवाले, पाणी आणि आगीची व्यवस्था पाहणारे, लिफ्टवाले असे कितीतरी जण एकाच इमारतीची आपापल्या बाजूने रचना करीत असतात. प्रत्येकाचे संगणकावरचे साधन वेगळे. एकाने केलेले काम दुसऱ्याच्या संगणकावर उघडायला हवे, नुसते उघडून चालत नाही, तर त्यातला अर्थही जसाच्या तसा पोचायला हवा. आपल्या भागातील अनेक घरांतील मुले-मुली आज पुणे, बंगळूर, अहमदाबादच्या कार्यालयांत हेच काम करतात. 'काय करतो मुलगा?' असे विचारले तर आईवडील 'कॉम्प्युटरवर बिल्डिंगचे ड्रॉइंग काढतो' एवढेच सांगतात. त्या एवढ्याशा वाक्यात नेमके काय दडले आहे, हे समजून घेण्यासारखे आहे.

रेघ आणि भिंत

पूर्वी नकाशा म्हणजे कागदावरच्या रेघा. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले आणि त्या रेघा संगणकावर काढता येऊ लागल्या. पण रेघ ती रेघच. दोन समांतर रेघा म्हणजे भिंत आहे, हे माणसाला कळे, संगणकाला नाही.

आजच्या पद्धतीत संगणकात इमारतीची त्रिमितीय प्रतिकृती, म्हणजेच मॉडेल तयार करतात. त्यात भिंत ही भिंत म्हणूनच नोंदलेली असते. तिची उंची, जाडी, विटेची की काँक्रीटची, तिच्यात कोणता दरवाजा बसवला आहे, तो दरवाजा किती वेळ आगीला तोंड देईल, अशी सगळी माहिती तिच्याबरोबर असते. भिंत सरकवली की दरवाजाही तिच्यासोबत सरकतो. या पद्धतीला 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग' किंवा थोडक्यात 'बिम' म्हणतात.

अडचण अशी की हे मॉडेल तयार करणारी सॉफ्टवेअर वेगवेगळ्या घरांत जन्मली. आर्किकॅड हंगेरीतले, टेक्ला फिनलंडमधले, रेव्हिट अमेरिकेतले. सगळ्यांची मॉडेल्स एकत्र मांडून तपासणारे नेव्हिसवर्क्स इंग्लंडमधील शेफिल्डचे, त्याच कामाचे सोलिब्री पुन्हा फिनलंडचे. पुढे यातली काही मोठ्या कंपन्यांनी विकत घेतली. रेव्हिट २००२ मध्ये आणि नेव्हिसवर्क्स २००७ मध्ये ऑटोडेस्ककडे गेले, टेक्ला २०११ मध्ये ट्रिम्बलकडे. मालक बदलले तरी प्रत्येकाची इमारतीकडे पाहण्याची मूळ रीत मात्र तीच राहिली.

खुर्ची 'ती', पण कन्नडात 'अदु'

ही अडचण आपल्यासारख्या दुभाषी घरांना इतरांपेक्षा लवकर कळावी. मराठीत खुर्ची 'ती', पंखा 'तो' आणि टेबल 'ते'. कन्नडात गेल्यावर या तिन्ही वस्तू 'अदु' होतात. वस्तू सुखरूप पोचली, फक्त तिचे लिंग वाटेत गळून पडले. कन्नड बोलणाऱ्याला त्याची गरज नसल्याने त्याचे काहीच अडत नाही. पण तेच वाक्य परत मराठीत आणायचे म्हटले की 'अदु'चे 'तो' करायचे, 'ती' की 'ते', हे शब्द सांगत नाही. कोणीतरी जाणकार बसून ठरवावे लागते. कन्नड घरातील मूल मराठी बोलताना 'तो खुर्ची' म्हणते, त्याचे कारण हेच.

'आम्ही' आणि 'आपण' यांचेही तसेच. 'आम्ही जेवायला जातोय' आणि 'आपण जेवायला जाऊ' यांत समोरच्याला बोलावले आहे की नाही, एवढा मोठा फरक आहे. कन्नडात दोन्हींना एकच 'नावु'.

आणखी फसवे शब्द म्हणजे दोन्हीकडे सारखेच दिसणारे. 'अनुमान' म्हणजे आपल्याकडे तर्क, कन्नडात शंका. 'अवसर' म्हणजे आपल्याकडे संधी किंवा सवड, कन्नडात घाई. 'प्रपंच' आपल्याकडे घरसंसार, तिकडे अवघे जग. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून आपण अर्थ विचारत नाही आणि तिथेच घोटाळा होतो.

मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाते तेव्हा हे तिन्ही प्रकार घडतात. काही माहिती पलीकडे जागाच नसल्याने गळते. काही परत आणता येत नाही. आणि काही दिसायला अगदी बरोबर असते, पण तिचा अर्थ बदललेला असतो. पडद्यावर इमारत सुंदर दिसत असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

सुरतेच्या भरतकामाचा दाखला

हीच गोष्ट सुरतेतील कापडवाले कितीतरी वर्षे वेगळ्या धंद्यात अनुभवत आले आहेत. तेथे साड्यांवर भरतकाम करणारी संगणकीय यंत्रे मोठ्या संख्येने आहेत. नक्षी तयार करणारा डिझायनर विलकॉम या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्याच्या मूळ 'ईएमबी' फाईलला पाकळी कळते. ही पाकळी आहे, ती या पद्धतीने भरायची, टाके इतके दाट हवेत, हे सारे त्या फाईलमध्ये असते. यंत्राला मात्र बहुधा 'डीएसटी' फाईल दिली जाते. हा प्रकार ताजिमा या जपानी यंत्र-कंपनीचा. त्यात सुई इथे टोच, पुढे सरक, दोरा तोड, रंग बदलायला थांब, एवढ्याच आज्ञा असतात. पाकळी नाहीशी झाली, टाके उरले.

यंत्राला त्याहून जास्त काही नको असते, त्यामुळे काम छान होते. पण उद्या गिऱ्हाईक म्हणाले की हाच मोर दीडपट मोठा करा, तर डीएसटी ताणून चालत नाही. टाके विरळ होतात, कापड दिसू लागते. तेव्हा मूळ ईएमबी फाईलच लागते. म्हणून हुशार डिझायनर मूळ फाईल जपून ठेवतो आणि यंत्राला उतरवलेली प्रत देतो. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांनाही यात नवल वाटणार नाही. घेणाऱ्याला लागेल तेवढे द्यावे आणि मूळ आपल्याजवळ ठेवावे, हा इमारतींच्या मॉडेललाही लागू पडणारा पहिला नियम आहे.

वाटेत काय काय सांडते

सर्वांत साधी चूक मोजमापाची. एक जण फुटात काम करतो, दुसरा मिलिमीटरमध्ये. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. मिलिमीटरमधले मॉडेल मीटर समजून उघडले तर घर हजारपट मोठे होते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. नासाचे मंगळाकडे निघालेले एक यान १९९९ मध्ये हातचे गेले, ते एका गटाने दिलेले आकडे अमेरिकी मापात होते आणि दुसऱ्याने ते मेट्रिक समजले म्हणूनच.

दुसरी बाब जागेची. प्रत्येक मॉडेलला एक शून्यबिंदू असतो. आर्किटेक्टने तो इमारतीच्या कोपऱ्यात धरला आणि इंजिनिअरने सर्व्हेच्या खुणेवर, तर कॉलम एकीकडे आणि भिंती कित्येक किलोमीटर लांब, असे दृश्य दिसते. उत्तर दिशा कोणी कशी धरली यावरून एक इमारत दुसरीशी तिरकी होते.

तिसरी बाब ओळखीची. पाठवणाऱ्याने नक्षीदार बीम वेगळ्या पद्धतीने रेखाटलेली असेल, तर घेणाऱ्याच्या सॉफ्टवेअरला ती बीम म्हणून ओळखता येत नाही. मग ती 'इमारतीचा कोणतातरी घटक' अशा खात्यात टाकली जाते. आकार तोच, पण सगळ्या बीम मोजायला सांगितल्या की ही एक मोजणीतून सुटते. काँक्रीटचा हिशेब तेवढा कमी येतो.

चौथी बाब नात्याची. मूळ मॉडेलमध्ये दरवाजा भिंतीचा असतो. नव्या ठिकाणी भिंत वेगळी आणि दरवाजा वेगळा होऊन पोचू शकतो. भिंत सरकवली की दरवाजा हवेत लटकतो. पाचवी आवृत्तीची. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत साठवलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि जुन्या आवृत्तीसाठी साठवण्याची सोयही त्यात नाही. दोन कार्यालयांनी एकच सॉफ्टवेअर घेतले म्हणून प्रश्न सुटला, असे नव्हे.

मधली भाषा

सुरतेत खानदेशातून गेलेली मराठी कुटुंबे आहेत, तेलुगू विणकर आहेत, मागावर काम करणारे ओडिया आहेत. महापालिकेची शिक्षण समिती गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया आणि तेलुगू माध्यमांच्या शाळाही चालवते. हे सारे लोक कारखान्यात एकमेकांशी बहुधा हिंदीत बोलतात. हिंदी प्रत्येकाच्या घरची नसते, पण व्यवहार अडत नाही.

इमारतींच्या मॉडेलसाठीही अशी मधली भाषा शोधण्याचा उद्योग नव्वदच्या दशकाच्या मध्यास सुरू झाला. त्यासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे आजचे नाव 'बिल्डिंगस्मार्ट'. तिने तयार केलेल्या मधल्या भाषेला 'आयएफसी' म्हणतात. ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. २०१३ मध्ये तिला पूर्ण आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आणि २०२४ च्या मानकात रस्ते, रेल्वे, पूल यांचाही समावेश झाला. आयएफसी फाईल साध्या नोटपॅडमध्ये उघडली तरी वाचता येते. एकेका ओळीत भिंत, खिडकी, जिना यांच्या नोंदी सातबाऱ्यासारख्या ओळीने लिहिलेल्या दिसतात.

पण मधल्या भाषेकडून अपेक्षा किती ठेवायची, याचे भान हवे. अनेकांना वाटते की आयएफसी उघडली की पुढे त्यातच फेरफार करता येतील. ती बहुतेक वेळा त्यासाठी दिलेलीच नसते. तलाठ्याने दिलेला उतारा आपण वाचतो, त्यावरून व्यवहार ठरवतो, पण त्यावर पेनने खाडाखोड करीत नाही. बदल करायचा तर मूळ दप्तरात करावा लागतो. तसेच हे आहे. आर्किटेक्टची आयएफसी इंजिनिअरने पाहावी, तिच्यावरून आपले कॉलम बसवावेत, आणि भिंत सरकवायची असेल तर आर्किटेक्टला कळवावे. ज्याचे काम, त्यानेच आपल्या मूळ मॉडेलमध्ये दुरुस्ती करावी. हे तत्त्व पाळले, तर निम्मी भांडणे होतच नाहीत.

सगळे एकत्र मांडल्यावर

नेव्हिसवर्क्स किंवा सोलिब्रीमध्ये सगळ्यांची मॉडेल्स एकावर एक ठेवतात तेव्हा खरी परीक्षा होते. वातानुकूलनाची डक्ट बीममधून आरपार गेलेली दिसते. सांडपाण्याचा पाईप विजेच्या ट्रेमधून जातो. पूर्वी हे साइटवर कळे. मग मुकादम छिन्नी घेऊन स्लॅबला भोक पाडी आणि इंजिनिअर कपाळाला हात लावी. आता ते काँक्रीट ओतण्याआधी पडद्यावर कळते. डायमंड बोर्समध्ये फरशीखालून थंड पाणी फिरवून हवा गार ठेवण्याची व्यवस्था आहे. जमिनीतच नळ्या असल्या की अशी तपासणी किती महत्त्वाची ठरते, हे सांगायला नको.

सापडलेली चूक ज्याची त्याला कळवण्यासाठी अख्खे मॉडेल पाठवण्याची गरज नसते. टेक्ला आणि सोलिब्री यांच्या पुढाकाराने साधारण २०१० च्या सुमारास 'बीसीएफ' नावाची छोटी फाईल प्रचारात आली. ती म्हणजे जणू चिठ्ठीच. कुठे उभे राहून पाहायचे, कोणत्या दोन वस्तू एकमेकींवर आल्या आहेत आणि काय करायला हवे, एवढेच तिच्यात असते. त्यासाठी प्रत्येक वस्तूला आयएफसीमध्ये २२ अक्षरांचा ओळख क्रमांक असतो. पण नवी प्रत काढताना हे क्रमांक बदलले, तर कालच्या चिठ्ठीतली वस्तू आज सापडत नाही. घराचे नंबर रोज बदलले तर पोस्टमनने काय करावे!

नागपूर मेट्रोसाठी महामेट्रोने लांबी, रुंदी, उंचीबरोबर वेळ आणि खर्चही जोडणारी 'पंचमितीय बिम' पद्धत वापरली. रचनेसाठी बेंटलेची साधने, वेळापत्रकासाठी प्रिमाव्हेरा, हिशेबासाठी सॅप, अशी निरनिराळ्या कंपन्यांची साधने तिथे एकत्र बांधली गेली. एकाच कंपनीचे सगळे घ्यावे म्हणजे कटकट नको, असे म्हणणे सोपे आहे. मोठ्या कामात ते प्रत्यक्षात कधीच शक्य होत नाही. तेव्हा भाषांतर टाळता येत नाही, ते नीट करावे लागते.

चुकीची किंमत कोण मोजतो?

एअरबसच्या ए-३८० या प्रचंड विमानाची गोष्ट या क्षेत्रात वारंवार सांगितली जाते. हॅम्बुर्ग आणि तुलूझ येथील कारखान्यांत एकाच सॉफ्टवेअरच्या दोन वेगळ्या आवृत्त्या वापरात होत्या. विमानात सुमारे ५०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या तारा. जुळणीच्या वेळी त्या तोकड्या पडू लागल्या. २००६ मध्ये हा घोळ उघड झाला आणि पहिले विमान ग्राहकाच्या हाती पडायला ऑक्टोबर २००७ उजाडला.

इमारतींबाबत अमेरिकेतील निस्ट या सरकारी संस्थेने २००४ मध्ये एक हिशेब मांडला. सॉफ्टवेअर एकमेकांशी नीट न बोलल्यामुळे तिथल्या मोठ्या बांधकामांत वर्षाला १५.८ अब्ज डॉलर वाया जात असल्याचा तो अंदाज होता. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भार पडत होता इमारतीच्या मालकांवर आणि ती चालवणाऱ्यांवर. म्हणजे चूक नकाशे काढणाऱ्यांची आणि भुर्दंड घरमालकाला.

पैशांपलीकडेही एक किंमत असते. सुरतेच्या सरथाणा भागातील तक्षशिला संकुलात २४ मे २०१९ रोजी आग लागली. वरच्या मजल्यावर शिकवणीला आलेल्या मुलांना खाली उतरायची वाट उरली नाही. कित्येकांनी वरून उड्या घेतल्या. २२ विद्यार्थी गेले. ही दुर्घटना कोणत्याही सॉफ्टवेअरमुळे घडलेली नव्हती. पण जिना, दरवाजा, बाहेर पडण्याची वाट या नकाशावरच्या नुसत्या खुणा नसतात, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. 'हा दरवाजा दोन तास आगीला तोंड देईल' ही नोंद एका मॉडेलमधून दुसऱ्यात जाताना कोरी झाली, तर दरवाजा पडद्यावर तसाच दिसतो. खरेदी करणारा मात्र साधा दरवाजा मागवतो. म्हणून वाटेत सांडलेल्या माहितीकडे 'कॉम्प्युटरची किरकोळ गडबड' म्हणून पाहता येत नाही.

आपल्या मुलांसाठी, आपल्या घरासाठी

या कामात जाणाऱ्या मुलांनी काय शिकावे? सॉफ्टवेअरची बटणे सहा महिन्यांत येतात आणि दोन वर्षांत बदलतात. त्याहून टिकाऊ असते ती शिस्त. काम सुरू होण्याआधीच कोण कोणती आवृत्ती वापरणार, माप कोणते, शून्यबिंदू कुठला, कोणाला कोणती माहिती लागणार, हे लेखी ठरवावे. २०१८ पासून आलेल्या आयएसओ १९६५० या मानकाचा रोखही हाच आहे. अख्खी इमारत पाठवण्याआधी एक भिंत, एक दरवाजा, एक कॉलम एवढाच नमुना पाठवून पलीकडे काय पोचले ते पाहावे. शून्यबिंदूवर सगळ्यांनी एक छोटा ठोकळा ठेवावा, म्हणजे ठोकळ्यावर ठोकळा बसला की जागा जुळल्याची खात्री होते. पाठवताना दरवाजे किती होते आणि उघडल्यावर किती आहेत, हे मोजावे. लग्नात आहेराची भांडी यादीवरून मोजून घेतात, तेवढीच ही साधी गोष्ट आहे. आणि सुटीत गावी आल्यावर चार दिवस एखाद्या बांधकामावर उभे राहून गवंडी, सेंट्रिंगवाला, प्लंबर काय करतात ते पाहावे. बीम हाताने चाचपलेली असली की पडद्यावरची खोटी बीम लगेच ओळखू येते.

घर बांधणाऱ्या वाचकांसाठीही एक सूचना. काम संपल्यावर आपण आर्किटेक्टकडून प्रिंट घेतो आणि कपाटात ठेवतो. त्याबरोबर मूळ फाईल, तिची पीडीएफ प्रत आणि ती कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीत केली आहे, याची नोंदही मागावी. ते द्यायचे आहे हे सुरुवातीच्या करारातच लिहून घ्यावे. पंधरा वर्षांनी वर मजला चढवताना किंवा भिंतीतला पाईप शोधताना ही फाईल सोन्यासारखी वाटेल. प्रत्यक्ष बांधताना जे बदल झाले, ते तिच्यात उतरवून घ्यायला मात्र विसरू नये. नाहीतर नकाशात खिडकी आणि जागेवर भिंत!

दुभाषी घरातल्या मुलांजवळ या कामासाठी लागणारी एक सवय लहानपणापासूनच असते. आजी कन्नडातून काही सांगते, आई मराठीतून, आणि मध्ये बसलेले मूल शब्द ओळखीचा असला तरी 'म्हणजे नक्की काय गं?' असे विचारून घेते. 'अवसर' आहे म्हणजे सवड आहे की घाई आहे, हे विचारल्याशिवाय ते उठत नाही. मोठ्या कार्यालयात, मोठ्या पडद्यापुढे बसल्यावर ही सवय सुटता कामा नये. समोरचे मॉडेल कितीही देखणे दिसो, पलीकडच्या माणसाला फोन करून 'ही भिंत तुम्ही भिंत म्हणूनच दिली आहे ना?' एवढे विचारण्यात कमीपणा नाही. उद्या त्या इमारतीत माणसे राहणार असतात.